गॅस भरण्याआधी
एसी गार करत नाही म्हणून दुबईतल्या अल कुसैसच्या इंडस्ट्रियल एरियात जुनी हायलक्स गाडी नेली की पहिला सल्ला ठरलेला: गॅस भरा. जरा थांबा. एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळतोय. पाइपच्या जोडावर तेलकट, धूळ चिकटलेला डाग दिसला तर गळती बहुधा तिथेच. गाडी पळताना गार आणि सिग्नलला गरम हवा येत असेल, तर संशय कंडेन्सरवर किंवा त्याच्या पंख्यावर घ्या. इथली वाळू कंडेन्सरच्या जाळीत घट्ट बसते. जाळी हलक्या धारेने धुवा, प्रेशर वॉशरने तिच्या पात्या वाकतात. एसी लावताना कॉम्प्रेसरचा ‘टक्’ आवाजच येत नाही? मग आधी फ्यूज आणि रिले बघा, स्वस्तातलं काम ते. आणि गळती बुजवल्याशिवाय गॅसचे पैसे देऊ नका.