पडदा निजो, यंत्र जागे राहो

जुना लॅपटॉप मोडीत घालण्यापूर्वी त्याच्याकडून आणखी एक काम करून घेता येते. त्यात लिनक्स घालून कचेरीच्या कोपऱ्यात ठेवला की तो सर्व्हर होतो. सर्व्हर म्हणजे मागेल त्याला, मागेल तेव्हा कागद काढून देणारा कारकून. लिनक्सचा पाया १९९१ साली फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने घातला. ते विनामूल्य मिळते आणि जुन्या यंत्रावरही चालते, म्हणून आमच्यासारख्या गरीब संघटनांना ते परवडते.

यवतमाळच्या आमच्या कचेरीत असा एक लॅपटॉप आहे. जिनिंग-प्रेसिंगमध्ये हंगामी काम करणाऱ्यांची हजेरीपत्रे व पगाराच्या चिठ्ठ्या यांची छायाचित्रे त्यात साठविली आहेत. वणीचा किंवा पुसदचा कार्यकर्ता तेथे बसून ती पाहू शकतो. हंगामी कामगारापाशी दुसरे काय असते? किती दिवस भरले याचा कागद हीच त्याची पुंजी.

एका संध्याकाळी आमच्यातील एकाने, वीज वाचावी या सद्हेतूने, त्या लॅपटॉपचे झाकण मिटले. दुसऱ्या दिवशी पुसदला एक वयस्क कामगार रोजी बुडवून आपला हिशेब पाहावयास आला. कागद निघेना. इकडे कचेरीला कुलूप. तो गृहस्थ काही न बोलता परत गेला. दोष झाकण मिटणाऱ्याचा नव्हता. पडदा विझविणे आणि यंत्र निजविणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आम्ही त्याला कधी सांगितलेच नव्हते.

पडदा हा केवळ पाहणाऱ्यासाठी असतो. समोर कोणी नसेल तर त्याचा दिवा जळणे व्यर्थ होय. त्या दिव्यास ४ वॉट लागतात असे धरले, तरी अहोरात्र जळून वर्षाकाठी सुमारे ३५ युनिटे होतात. म्हणून पडदा विझावा, हे रास्तच. परंतु यंत्र निजले की प्रोसेसर थांबतो आणि बाहेरून आलेल्या हाकेला उत्तर मिळत नाही.

पहिली तजवीज झाकणाची. झाकण मिटताच निजावे, अशी सवय पुष्कळ लिनक्सांना उपजतच लावलेली असते. ती मोडण्यासाठी 'इटीसी' फोल्डरातील 'सिस्टमडी' या पोटफोल्डरात 'लॉगिनडी डॉट कॉन्फ' ही फाइल असते. तीत 'हँडल लिड स्विच' ही ओळ शोधावी, तिच्या आरंभीची जाळीसारखी खूण काढावी आणि बरोबर-चिन्हापुढे 'इग्नोर', म्हणजे 'दुर्लक्ष कर', असे लिहावे. मग यंत्र एकदा बंद करून चालू करावे. चित्रमय डेस्कटॉप वापरीत असाल, तर त्याच्या वीजविषयक सेटिंगमधील 'आपोआप सस्पेंड' हेही बंद करावे.

दुसरी तजवीज पडद्याची. डेस्कटॉप नसलेल्या यंत्रावर नुसती अक्षरांची पाटी दिसते. पूर्वी ही पाटी १० मिनिटांनी आपोआप काळी होई. २०१७ सालच्या ४.१२ या आवृत्तीपासून ती मूळ सवय काढून टाकण्यात आली. त्यामुळे आपण सांगितल्याविना ती रात्रभर उजळत राहते. 'इटीसी'तीलच 'डिफॉल्ट' या पोटफोल्डरात 'ग्रब' ही फाइल आहे. तीतील कर्नलच्या सूचनांच्या ओळीत 'कन्सोलब्लँक' हा शब्द घालून, बरोबर-चिन्हापुढे ६० लिहावे. ६० म्हणजे ६० सेकंद. मग डेबियन वा उबुंटूवर 'अपडेट-ग्रब' ही आज्ञा देऊन यंत्र पुन्हा सुरू करावे. पुढे कोणतीही कळ दाबली की पडदा उजळतो.

येथे एक फसगत संभवते. काही यंत्रांत पडदा काळा होतो, पण त्यामागचा दिवा जळतच राहतो. खोलीत अंधार करून पाहावे. काळ्या पडद्यातून फिकट उजेड झिरपत असेल, तर वीज वाचलेली नाही. अशा वेळी पडद्याचा उजेड वेगळा कमी करावा लागतो.

तिसरी गोष्ट उष्म्याची. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४३-४४ अंशांच्या पुढे जातो. काही लॅपटॉपांची उष्णता कळफलकावाटेही बाहेर पडते, त्यांचे झाकण पुरते मिटू नये. लॅपटॉपची बॅटरी वीज गेल्यावर आपोआप कामी येते, हा त्याचा मोठा गुण. परंतु उष्णता आणि सतत भरलेली स्थिती यांनी ती लवकर जीर्ण होते. यंत्रात सोय असल्यास भरण्याची मर्यादा ८० टक्क्यांवर ठेवावी. बॅटरी फुगलेली दिसली तर तिचा वापर ताबडतोब थांबवावा. आणि वीज गेली की राउटरही बंद पडतो, हे विसरू नये. त्याला स्वतंत्र बॅटरी नसेल तर जागा असलेला लॅपटॉपही बाहेरच्यांना मुकाच.

सारे झाल्यावर परीक्षा घ्यावी. झाकण ज्या स्थितीत ठेवावयाचे त्या स्थितीत ठेवून दुसऱ्या जागेवरून एक कागद मागावा. अर्ध्या तासाने पुन्हा मागावा. दोन्ही वेळा मिळाला, तरच काम झाले असे समजावे.

आमच्या लॅपटॉपला झाकण मिटलेले सोसते, अशी खात्री आम्ही करून घेतली आणि त्यावर एक चिठ्ठी डकविली: 'झाकण मिटले तरी चालेल. वायर काढू नये. आत माणसांचे दिवस आहेत.'