बाळंतविडा: काय घ्यायचं, काय दुकानात राहू द्यायचं

मागच्या भागात आपण बाळंतपणाच्या दवाखान्यातल्या खर्चाबद्दल बोललो. आज त्याच्या पुढचा विषय घेऊ या. बाळ घरी येणार म्हटल्यावर कोणत्या वस्तू खरंच लागतात आणि कोणत्या सोडून दिल्या तरी चालतात?

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. मी मूळचा नांदेडकडचा, गेली अकरा वर्षं हैदराबादेत नोकरी करतो. आज जे सांगणार आहे त्यातलं निम्मं आमच्या मुलाच्या डॉक्टरांनी शिकवलं, उरलेलं निम्मं चुका करून कळलं.

बाळ यायच्या दोन महिने आधी मी मोठ्या उत्साहाने यादी केली. त्यात ५४ वस्तू होत्या. लाकडी कॉट, कॉटच्या चारी बाजूंना लावायच्या गुबगुबीत गाद्या, बाटल्यांचा संच, बाटल्या निर्जंतुक करायचं यंत्र, दूध कोमट करायचं यंत्र, बाबागाडी, वॉकर. एकूण खर्च झाला ६८ हजार. परभणीहून सासूबाई एक पत्र्याची ट्रंक घेऊन आल्या होत्या. त्यात बाळंतविडा होता. मी ती ट्रंक कौतुकाने पाहिली आणि माळ्यावर टाकली.

मुलगा २३ दिवसांचा असताना एका रात्री दीड वाजता बायकोने मला उठवलं. "अरे, याचं अंग तापलंय का बघ." मी हात लावला, मला काही वाटेना. सासूबाई म्हणाल्या, "ताप आहे." मी म्हणालो, "दुपट्यात घट्ट गुंडाळलंय म्हणून गरम लागतंय." अशी दहा-पंधरा मिनिटं गेली. घरात ५४ वस्तू होत्या, पण थर्मामीटर नव्हता. शेवटी समोरच्या फ्लॅटमधल्या आंटींचं दार वाजवलं. त्यांचा थर्मामीटर काखेत लावला, तर १०१.

आम्ही तसेच दवाखान्यात गेलो. लघवीतला संसर्ग निघाला, काही दिवस तिथेच राहावं लागलं, मुलगा बरा झाला. डॉक्टरांनी तेव्हा सांगितलेलं वाक्य तुम्हीही लक्षात ठेवा. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ फॅरनहाइट म्हणजे ३८ सेल्सिअस किंवा त्याहून जास्त ताप असेल, तर सकाळची वाट पाहायची नाही आणि घरात तापाचं औषध देऊन बघत बसायचं नाही. लगेच डॉक्टर गाठायचा.

म्हणून माझ्या नव्या यादीत पहिली वस्तू आहे साधा डिजिटल थर्मामीटर. दोन-तीनशे रुपयांत मिळतो.

यादी कशी करायची

पहिल्या तीन महिन्यांत बाळ काय करतं? झोपतं, दूध पितं, कपडे ओले करतं, अंघोळ करून घेतं आणि कधीतरी आजारी पडतं. एवढ्या पाच कामांसाठी जे लागतं तेवढंच आधी घ्यायचं. बसण्याच्या, रांगण्याच्या, उभं राहण्याच्या वस्तू मूल बसायला लागल्यावर बघू. दुकान कुठे पळून जात नाही.

झोप

बाळाला लागते टणक, सपाट गादी. तुमच्याच खोलीत, पण त्याची स्वतंत्र जागा. झोपवायचं पाठीवर. भोवती उशी, लोड, मऊ खेळणी, जाड पांघरूण काही नको. अगदी लहान बाळाला तोंडावर आलेलं कापड बाजूला करता येत नाही, मान वळवून नाक मोकळं करता येत नाही. झोपेत श्वास अडण्याचा धोका असतो तो यामुळे. कॉटच्या कडेला लावायच्या ज्या गुबगुबीत गाद्या मी हौसेने घेतल्या, त्या विकायला अमेरिकेत २०२२ च्या कायद्याने बंदी घातली आहे.

आता मोहरीच्या उशीचा प्रश्न येतो. डोकं गोल व्हावं म्हणून आपल्याकडे ती हमखास शिवतात. आमच्याकडेही होती. डॉक्टरांनी ती काढायला लावली. डोक्याला थोडा चपटेपणा येतो तो बहुतेक बाळांमध्ये आपोआप कमी होतो. बाळ जागं असताना, आपण समोर बसून, दिवसातून थोडा थोडा वेळ पालथं ठेवलं की मानेलाही बळ येतं.

झोळी किंवा पाळणा असेल तर जरूर वापरा, मात्र नजर ठेवा. झोळीत बाळाची हनुवटी छातीला टेकली की श्वासाला अडथळा होतो. डोळा लागला की सपाट गादीवर ठेवा. छत्रीसारखी उघडणारी मच्छरदाणी मात्र नक्की घ्या. हैदराबाद असो, सुरत असो की कोलकाता, डास सगळीकडेच आहेत.

कपडे

आठ-दहा झबली, दोन-तीन डझन लंगोट, सहा दुपटी, दोन टोपडी. धुऊन वाळायला वेळ लागेल असा पावसाळा असेल तर लंगोट आणखी थोडे. नवजात मापाचे भारी कपडे घेऊ नका, काही आठवड्यांत ते आखूड होतात. मी घेतलेल्या बारा जोड्यांपैकी पाचांची लेबलंसुद्धा काढली गेली नाहीत. भाचा-पुतण्यांचे वापरलेले, पुष्कळदा धुतलेले सुती कपडे उत्तम. नवे असतील तर आधी धुवा.

डायपर बाहेर जाताना आणि रात्री सोयीचे पडतात, त्यात कमीपणा नाही. पण नवजात मापाचं एकच पुडकं आणा. माप लवकर बदलतं आणि प्रत्येक बाळाच्या कातडीला प्रत्येक डायपर मानवतोच असं नाही.

थंडीचं गणित गावाप्रमाणे बदलतं. इंदूर-दिल्लीच्या जानेवारीत कुंची आणि लोकरीचं लागेल, हैदराबादच्या मे महिन्यात एक सुती झबलं पुरे. आपल्याला जेवढे कपडे लागतात त्यापेक्षा एक थर जास्त, हा साधा अंदाज. उन्हाळ्यात तोही नको.

दूध

पहिले सहा महिने फक्त आईचं दूध. वरचं पाणी नको, मध नको, घुटीही नको. मग बाटल्या, निर्जंतुक करायचं यंत्र, दूध कोमट करायचं यंत्र हे सगळं आधीच कशाला घ्यायचं? आपल्या देशात १९९२ पासून कायदा आहे. दूध पाजायच्या बाटल्यांची आणि बाळाच्या डब्यातल्या दुधाची जाहिरात करायला त्याने मनाई केली आहे. घरात बाटली तयार असली की पहिल्या अवघड आठवड्यात हात तिकडेच जातो, आणि बाळ अंगावर कमी प्यायलं की दूधही कमी यायला लागतं.

काही घरांत वरचं दूध खरोखरच लागतं. बाळाचं वजन वाढत नाही, आईची तब्येत ठीक नसते, आई नसते. अशा वेळी डॉक्टरांना विचारून द्या आणि मनाला लावून घेऊ नका. त्यासाठीही वाटी-चमचा चालतो. तो चांगला घासून, पातेल्यात बुडवून दहा मिनिटं उकळला की झालं. आपलं जुनं बोंडलं वापरणार असाल तर त्याची नळी आतून नीट साफ होते का, एवढं बघा. दूध काढायचा पंप आईला नोकरीवर परत जायचं असेल तेव्हा उपयोगी पडतो, तो तेव्हाच घ्या.

अंघोळ आणि कातडी

साधं तेल, सौम्य साबण, दोन मऊ पंचे, छोटं नेलकटर. प्लास्टिकचा टब हवा तर घ्या. आमच्याकडे सासूबाई पाटावर बसून पायांवर अंघोळ घालायच्या आणि टबात खेळणी पडलेली असायची.

पावडर नको. तिचा बारीक कण श्वासाबरोबर आत जातो. काजळ डोळ्यात नको. काही काजळांत शिसं असतं आणि बोटाने संसर्गही होतो. दृष्ट लागण्याची काळजी असेल तर डोळ्यांपासून लांब, तळपायाला तीट लावा. नाळेवर तेल, हळद, राख काही लावू नका, ती कोरडी राहू द्या. धुरी देऊ नका, तो धूर बाळाच्या फुप्फुसात जातो.

औषधांचा डबा

थर्मामीटर झाला. 'ड' जीवनसत्त्वाचे थेंब डॉक्टर लिहून देतात, ते द्या. साधारणपणे रोज ४०० युनिट असतात, पण ड्रॉपर प्रत्येक कंपनीचा वेगळा, म्हणून किती थेंब ते विचारून घ्या. नाक चोंदलं तर मिठाच्या पाण्याचे तयार थेंब. ग्राइप वॉटरची गरज नाही. लसीकरणाचं कार्ड मात्र प्लास्टिकच्या पाकिटात जपून ठेवा. परराज्यात राहणाऱ्यांनी तर नक्कीच. माहेरी गेल्यावर तिथल्या केंद्रात तेच दाखवावं लागतं.

प्रवास

बाबागाडी आमच्या गल्लीत चार वेळाही चालली नाही. फुटपाथच नाही, तर गाडी ढकलणार कुठे? सोसायटीत मोठं अंगण असेल तर घ्या. तुमच्याकडे कार असेल, तर एक महाग वस्तू माझ्या यादीत राहील. ती म्हणजे मागच्या सीटवर, तोंड मागे करून बसवायची बाळाची सीट. मांडीवर धरलेलं बाळ जोरात ब्रेक लागला तर हातात राहत नाही. मोटार वाहन कायद्यातही २०१९ च्या दुरुस्तीपासून १४ वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा मुलांची सीट नसेल तर एक हजार रुपये दंड आहे. दुचाकीवर तान्हं बाळ नेऊच नका.

वॉकर

हा मी खास वेगळा ठेवला आहे. आमचा मुलगा आठ महिन्यांचा असताना वॉकरसकट बाल्कनीच्या पायरीवरून खाली गेला. मी तीन पावलांवर होतो. कपाळाला टेंगूळ आलं, तेवढ्यावर निभावलं. वॉकरमधलं मूल एका क्षणात खोली ओलांडतं. आपण उठेपर्यंत ते जिन्याशी किंवा गॅसपाशी पोचलेलं असतं. बरं, त्याने मूल लवकर चालायला लागतं असंही नाही. कॅनडाने २००४ मध्ये वॉकरच्या विक्रीवर बंदी घातली. आपल्याकडे तो अजूनही बारशाला भेट म्हणून येतो. आला तर गोड बोलून परत करा, पण दुसऱ्याला देऊ नका.

यादीत नसलेलं माणूस

दवाखान्यातून आल्यावर एकदा मी ती ५४ वस्तूंची यादी बायकोला दाखवली, थोडं हसावं म्हणून. तिने ती वाचली आणि विचारलं, "यात माझ्यासाठी काय आहे रे?" काहीच नव्हतं. एक वस्तूसुद्धा नाही. ती त्या वेळी तीन आठवडे दोन तासांहून जास्त सलग झोपली नव्हती.

त्या दिवशी मी माळ्यावरची ट्रंक खाली काढली. झबली, टोपडी, लंगोट, दुपटी, कुंची, जुन्या लुगड्याची गोधडी. आणि अर्धी ट्रंक बायकोसाठी. मऊ सुती साड्या, पुढून उघडणारे गाऊन, डिंकाच्या लाडवांचा डबा. बाळंतविडा हा शब्दच बाळंतिणीचा आहे. तेलंगण सरकारने २०१७ मध्ये सरकारी दवाखान्यांतल्या बाळंतिणींना जो संच द्यायला सुरुवात केली, त्यातही बाळाच्या तेल-साबण-मच्छरदाणीबरोबर आईसाठी साड्या होत्या.

तेव्हा हे विसरू नका. मोठे सॅनिटरी पॅड, पाजताना पाठीला आधार द्यायची उशी, पाण्याची मोठी बाटली. आणि पैसे वाचले तर दोन महिने स्वयंपाकाला बाई. मी यंत्रांवर जे पैसे घातले त्यात ती सहज आली असती. नातेवाईक "काय आणू?" विचारतात, त्यांना लाजू नका. सांगा, "दोघांचं जेवण आणा," किंवा "तुमच्या मुलाचे लहान झालेले कपडे द्या."

आमची ट्रंक आता इंदूरला बायकोच्या मामेबहिणीकडे निघाली आहे. कपडे धुऊन घातलेत, मोहरीची उशी काढून ठेवली आहे, थर्मामीटर नवा टाकला आहे. लाडू सासूबाई करून पाठवणार आहेत.

पुढच्या भागात लसीकरणाचं वेळापत्रक पाहू, आणि राज्य बदललं तर काय करायचं तेही. तोवर काळजी घ्या, बाळाची आणि बाळंतिणीचीही.