‘सगळ्यात भारी अल्बम कोणता?’ – या वादातून संशोधनाचा प्रश्न कसा काढायचा

पेट झाली, आता सिनॉप्सिस लिहायचाय आणि विषयच सुचत नाहीये, असं म्हणणारे बरेच जण भेटतात. त्यांना मी एकच गोष्ट विचारते: तुम्ही मित्रांशी कशावरून तासन्‌तास भांडता? बहुतेक वेळा विषय तिथेच पडलेला असतो. अडचण एवढीच, की भांडणातला प्रश्न जसाच्या तसा उचलून संशोधनात चालत नाही. का चालत नाही आणि मग काय करायचं, ते आज माझ्याच फजितीवरून सांगते.

माझं भांडण मामाशी होतं. विषय डीप पर्पल. १९६८ मध्ये इंग्लंडात सुरू झालेला हा हार्ड रॉक बँड. १९९५ मध्ये तो मुंबईत वाजवून गेला, तेव्हा मामा पुण्याहून रेल्वेने तिथे पोचला होता. त्याच्या कॅसेटी ऐकतच मी मोठी झाले. मामाचं म्हणणं, ‘मशीन हेड’ (१९७२) हाच त्यांचा सर्वोत्तम अल्बम. माझं म्हणणं, ‘इन रॉक’ (१९७०). आणि मामाचा एक मित्र दर वेळी मध्येच ‘बर्न’ (१९७४) घेऊन यायचा.

हा वाद आमच्या घरापुरता नाही. जगभरचे चाहते याच मुद्द्यांवर भांडतात, कारण या बँडची माणसं सारखी बदलत गेली. चाहते प्रत्येक संचाला ‘मार्क’ आणि क्रमांक देतात. मार्क टू म्हणजे इयन गिलन, रिची ब्लॅकमोर, रॉजर ग्लोव्हर, जॉन लॉर्ड आणि इयन पेस. ‘इन रॉक’, ‘फायरबॉल’ आणि ‘मशीन हेड’ यांचेच. १९७३ मध्ये गिलन आणि ग्लोव्हर बाहेर पडले, डेव्हिड कव्हरडेल आणि ग्लेन ह्यूज आले. हा मार्क थ्री, आणि ‘बर्न’ त्यांचा पहिला अल्बम. म्हणजे ‘कोणता अल्बम भारी’ या प्रश्नाच्या आत ‘खरा डीप पर्पल कोणता’ हा दुसरा प्रश्न लपलेला असतो. हे लक्षात ठेवा, शेवटी कामाला येणार आहे.

माझी चूक

मी पहिल्या सिनॉप्सिसमध्ये लिहिलं: ‘डीप पर्पलचा सर्वोत्तम अल्बम कोणता, हे चाहत्यांच्या सर्वेक्षणातून ठरवणे.’ प्रश्नावली केली, चार महिने माणसं गाठली, उत्तरं गोळा केली. मग मोठ्या उत्साहाने तक्ते घेऊन गाईड मॅडमकडे गेले. त्यांनी प्रश्नावली वाचली. पर्यायांच्या यादीत ‘इन रॉक’ पहिला होता. पुढचा प्रश्न होता, ‘हार्ड रॉकच्या जडणघडणीत इन रॉकचं योगदान तुम्हाला किती महत्त्वाचं वाटतं?’ बाकी कुठल्याही अल्बमबद्दल असा प्रश्न नव्हता.

मॅडम म्हणाल्या, “तुला उत्तर शोधायचंय की मामाला हरवायचंय?”

चार महिन्यांचा डेटा बाजूला ठेवावा लागला. यादीत वर असलेल्या पर्यायाला थोडी जास्त पसंती मिळू शकते, हे सर्वेक्षणाच्या कोणत्याही पुस्तकात सापडतं. मी ते वाचलेलंही होतं. पण उत्तर आधीच ठरलेलं असलं की वाचलेलं आठवत नाही. हा पहिला धडा. पुढचे धडे तो डेटा पुन्हा चाळताना मिळाले.

‘अल्बम’ म्हणजे नक्की काय?

हसू नका, हा गंभीर प्रश्न आहे. ‘फायरबॉल’ १९७१ मध्ये आला तेव्हा ब्रिटनमधल्या तबकडीवर ‘डीमन्स आय’ हे गाणं होतं. अमेरिकेतल्या तबकडीवर त्याच्या जागी ‘स्ट्रेंज काइंड ऑफ वुमन’ होतं. ‘इन रॉक’च्या मूळ अमेरिकन आवृत्तीत ‘स्पीड किंग’च्या सुरुवातीचा गोंगाटी भाग कापलेला होता. ‘मशीन हेड’च्या वेळीच ध्वनिमुद्रित केलेलं ‘व्हेन अ ब्लाइंड मॅन क्राइज’ मूळ अल्बमवर नव्हतंच, पण १९९७ च्या रौप्यमहोत्सवी आवृत्तीत आलं. आता लंडनचा साठीतला चाहता आणि २००० नंतर सीडी घेतलेला पुण्याचा चाहता ‘मशीन हेड’ म्हणतात, तेव्हा ते एकाच वस्तूबद्दल बोलतायत का?

शिवाय ‘मेड इन जपान’चं काय करायचं? ऑगस्ट १९७२ मध्ये ओसाका आणि टोकियोला झालेल्या कार्यक्रमांचं हे लाइव्ह ध्वनिमुद्रण. कित्येक चाहते त्यालाच पहिला नंबर देतात, तर काही म्हणतात की लाइव्ह अल्बम या शर्यतीत धरायचाच नाही. दोन्ही बाजूंना अर्थ आहे. तुम्ही कोणती बाजू घेता याला महत्त्व नाही, ती डेटा गोळा करण्याआधी कारणासह लिहून ठेवता की नाही याला आहे. संशोधनात याला विश्लेषणाचं एकक आणि समावेशाचे निकष ठरवणं म्हणतात. मी यातलं काहीच ठरवलं नव्हतं, त्यामुळे काहींनी ‘मेड इन जपान’ समासात लिहून दिला होता आणि त्याचं काय करायचं ते मला कळेना.

‘सर्वोत्तम’ कशाने मोजायचं?

कोणी म्हणेल, खपाचे आकडे घ्या, वाद मिटला. घेऊन बघा. ब्रिटनच्या अल्बम यादीत ‘इन रॉक’ चौथ्या क्रमांकापर्यंत गेला, ‘फायरबॉल’ आणि ‘मशीन हेड’ पहिल्यापर्यंत, ‘बर्न’ तिसऱ्यापर्यंत. अमेरिकेत ‘मशीन हेड’ सातव्या क्रमांकावर पोचला आणि ‘इन रॉक’ १४३ व्या. एकाच तबकडीला एका देशात ४ आणि दुसऱ्या देशात १४३! हा फरक संगीताच्या दर्जाचा नक्कीच नाही. प्रसिद्धी, वितरण, दौरे, रेडिओ असं बरंच काही त्या आकड्यात मिसळलेलं असतं. आणि ‘फायरबॉल’ ब्रिटनमध्ये पहिला आला खरा, पण मी ऐकलेल्या वादांत त्याची बाजू घेणारे मोजकेच.

आपल्याला जे मोजायचंय ते आणि आपण प्रत्यक्षात जे मोजतोय ते एकच आहे का, या प्रश्नाला वैधता म्हणतात. व्हायवामध्ये सगळ्यात जास्त घाम यावरच फुटतो. ‘लोकप्रिय’, ‘प्रभावी’, ‘आवडता’ आणि ‘सर्वोत्तम’ हे चार वेगळे शब्द आहेत. माझ्या प्रश्नावलीत मी ते अदलाबदल करून वापरले होते.

मतं मोजायची कशी?

हा भाग मला स्वतःला सगळ्यात जास्त आवडतो. समजा, नऊ चाहते आहेत (आकडे काल्पनिक, तुम्ही स्वतः पडताळून बघा):

चौघांचा क्रम: इन रॉक, मशीन हेड, बर्न.
तिघांचा क्रम: बर्न, मशीन हेड, इन रॉक.
दोघांचा क्रम: मशीन हेड, बर्न, इन रॉक.

पद्धत १: फक्त पहिली पसंती मोजा. इन रॉक ४, बर्न ३, मशीन हेड २. मी जिंकले.

पद्धत २: सगळ्यात कमी मतांचा अल्बम बाद करा आणि त्याची मतं त्या चाहत्यांच्या पुढच्या पसंतीला द्या. मशीन हेड बाद, त्याची दोन मतं बर्नला. बर्न ५, इन रॉक ४. मामाचा मित्र जिंकला.

पद्धत ३: पहिल्या पसंतीला २ गुण, दुसरीला १, तिसरीला ०. इन रॉक ८, बर्न ८, मशीन हेड ११. मामा जिंकला.

माणसं तीच, मतं तीच, फक्त मोजायची पद्धत बदलली आणि तीन वेगळे विजेते आले. तिसऱ्या पद्धतीला बोर्डा पद्धत म्हणतात. आणखी एक मार्ग फ्रेंच गणितज्ञ काँडोर्से यांनी १७८५ मध्ये मांडला: दोन-दोन अल्बमची समोरासमोर लढत लावा. इथे मशीन हेड हा इन रॉकला ५-४ ने आणि बर्नला ६-३ ने हरवतो. पण दर वेळी असा विजेता मिळेलच असं नाही. तीन चाहत्यांचे क्रम चक्राकार असले, तर पहिला दुसऱ्याला, दुसरा तिसऱ्याला आणि तिसरा पुन्हा पहिल्याला हरवतो.

केनेथ ॲरो यांनी १९५१ च्या पुस्तकात याच्याही पुढचं सिद्ध केलं. पर्याय तीन किंवा जास्त असतील, तर व्यक्तींच्या क्रमांवरून समूहाचा क्रम काढणारी कोणतीही पद्धत काही मोजक्या, अगदी साध्या वाटणाऱ्या अटी एकाच वेळी पाळू शकत नाही. म्हणजे ‘चाहत्यांच्या मते सर्वोत्तम’ हे तयार फळासारखं झाडावर लटकलेलं नसतं. ते काही अंशी आपल्या पद्धतीतून तयार होतं. म्हणून पद्धत आधी जाहीर करायची. निकाल बघून पद्धत निवडणं म्हणजे बाण मारून झाल्यावर त्याभोवती वर्तुळ काढणं.

विचारलं कोणाला?

मी विचारलं मामाच्या ओळखीच्यांना आणि त्यांच्या ओळखीच्यांना. म्हणजे जवळपास सगळे एका वयाचे, एका शहरातले, कॅसेटवर ऐकलेले. यात वय हा मोठा घोळ आहे. होलब्रूक आणि शिंडलर यांनी १९८९ मध्ये वेगवेगळ्या वयाच्या १०८ जणांना जुनी-नवी लोकप्रिय गाणी ऐकवली. त्यांना दिसलं, की माणूस साधारण २४ वर्षांचा असताना जी गाणी गाजत होती, ती त्याला सरासरीने जास्त आवडतात. तरुणपणी १९८४ चा ‘पर्फेक्ट स्ट्रेंजर्स’ ज्यांनी नवाकोरा ऐकला, त्यांचं मत यातून काही प्रमाणात समजू शकतं. पण जपून! एका अभ्यासातल्या सरासरीवरून समोरच्या एका माणसाला ‘तुला हे वयामुळे आवडतं’ असं सुनावता येत नाही. मी मामाला सुनावलं होतं. दोन दिवस बोलला नाही.

दुसरा घोळ एकमेकांच्या प्रभावाचा. सॅल्गानिक, डॉड्स आणि वॉट्स यांनी २००६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. १४,३४१ जण, अनोळखी ४८ गाणी. काहींना फक्त नावं दिसत होती. बाकीचे आठ वेगळ्या ‘जगां’त वाटलेले होते आणि आपल्या जगातल्या इतरांनी कोणतं गाणं किती वेळा उतरवून घेतलं, ते त्यांना दिसत होतं. इतरांची निवड दिसली की लोकप्रिय गाणी आणखी लोकप्रिय झाली, आणि नेमकं कोणतं गाणं वर जाईल हे जगागणिक बदललं. फार चांगली गाणी सहसा तळाला गेली नाहीत आणि फार वाईट गाणी वर आली नाहीत, पण मधल्यांचं काहीही होऊ शकत होतं.

आता हे डीप पर्पलला लावून बघा. डिसेंबर १९७१ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या माँत्रो इथे फ्रँक झप्पाच्या कार्यक्रमात कोणीतरी फ्लेअर गन उडवली आणि कसिनो जळून गेला. तिथेच ध्वनिमुद्रण करायला आलेल्या डीप पर्पलला दुसरी जागा शोधावी लागली. त्या आगीवर त्यांनी केलेलं ‘स्मोक ऑन द वॉटर’ आज गिटार शिकणारं प्रत्येक पोरगं वाजवतं. पण ‘मशीन हेड’मधून आधी सिंगल म्हणून निवडलं होतं ‘नेव्हर बिफोर’. बँडलाही अंदाज आला नव्हता. मग मामाला ‘मशीन हेड’ आवडतो तो अल्बममुळे, की त्या गाण्याभोवती पन्नास वर्षं साठलेल्या गोष्टीमुळे? सर्वेक्षणातला एक टिकमार्क हे सांगू शकत नाही.

मग प्रश्न काय करायचा?

मॅडमनी मला ते सगळे फॉर्म पुन्हा वाचायला लावले. आकडे सोडून फक्त ‘कारण लिहा’ या रकान्यात लोकांनी काय लिहिलंय ते. तिथे खजिना होता. कोणी म्हणत होतं, ‘यांनी हे पहिल्यांदा केलं’. कोणी म्हणत होतं, ‘एकही गाणं टाकाऊ नाही’. कोणासाठी गिलन नाही तो डीप पर्पलच नाही. कोणी लिहिलं होतं, ‘भावाने जाण्याआधी ही कॅसेट दिली होती.’ नावीन्य, सातत्य, संचावरची निष्ठा, आठवण. लोक एकाच प्रश्नाला चार वेगळ्या फूटपट्ट्या लावत होते आणि आपण एकाच गोष्टीवर भांडतोय असं समजत होते.

नवा प्रश्न असा झाला: ‘बँडमधली माणसं बदलतात तेव्हा खरा बँड कोणता, हे चाहते अल्बमच्या तुलनेतून कसं ठरवतात?’ याचं उत्तर मला आधीपासून माहीत नव्हतं. तुमच्या प्रश्नाची हीच पहिली परीक्षा घ्या. उत्तर काय यावं असं तुम्हाला वाटतं, ते एका कागदावर लिहा. मग उलट उत्तर आलं तर वाईट वाटेल का, ते स्वतःला विचारा. वाटणार असेल तर प्रश्न अजून भांडणातच आहे.

त्यानंतर मी मामाची मुलाखत घेतली, रीतसर संमतिपत्रावर सही घेऊन. दीड तास तो ‘मशीन हेड’वर बोलला आणि मी एकदाही ‘इन रॉक’चं नाव काढलं नाही. माझ्यासाठी पीएचडीतलं आतापर्यंतचं सगळ्यात अवघड काम तेच होतं. शेवटी तो म्हणाला, “एवढं शांतपणे तू माझं कधीच ऐकलं नव्हतंस.”

पुढच्या लेखात कोडिंग: अशी उत्तरं गटांत कशी लावायची, आणि तोच मजकूर दुसऱ्या कोणाकडून लावून घेऊन आपली पारख कशी तपासायची. तोवर तुमच्या भांडणाचा विषय एका वाक्यात लिहून ठेवा.