संसारी बाईलाही एचआयव्ही होतो

शिरपूर-साक्रीत किंवा चोपडा-यावलमध्ये एखाद्या पावरा, भिल्ल वा तडवी बाईचा एचआयव्ही अहवाल पॉझिटिव्ह आला, की ठरलेलं वाक्य निघतं: 'बाईचीच चाल बरोबर नसणार.' शिकलेले लोक त्यात भर घालतात, 'आदिवासींत सगळं मोकळंच असतं.' हे ऐकून संताप येतो, कारण ही समजूत खोटी ठरून किती वर्षं झाली! संशोधक रमण गंगाखेडकर आणि सहकाऱ्यांचा अभ्यास 1997 मध्ये 'जामा' या नियतकालिकात आला. पुण्यात गुप्तरोगाच्या दवाखान्यांत आलेल्या, देहविक्री न करणाऱ्या 391 स्त्रियांपैकी 13.6 टक्क्यांना एचआयव्ही होता आणि त्याचा संबंध जोडीदाराच्या गुप्तरोगाशी दिसला. दवाखान्यातला आकडा सगळ्या समाजाला लावता येत नाही, हे खरं. पण लग्न हे संरक्षण नाही, एवढं त्यातून स्पष्ट होतं. तरी बोट बाईकडेच का जातं? गरोदरपणात तिची तपासणी होते, नवऱ्याची बहुधा होतच नाही. घरात आधी तिचा आजार कळतो, म्हणून तो तिनेच आणला असं ठरतं.

यामागे गरिबी आणि त्यापायी होणारं स्थलांतरही आहे. 'गरिबीने का एचआयव्ही होतो?' असं कुणी विचारेल. नाही होत, कामासाठी बाहेर जाणाऱ्या बहुसंख्य कुटुंबांत तो नाहीच. पण नवरा महिनोन्‌महिने गुजरातेत मजुरीला राहतो, तिकडे काय घडलं हे बायकोला विचारता येत नाही, आणि कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालेल्या बाईने निरोध मागणं म्हणजे नवऱ्यावर संशय घेणं ठरतं. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात एचआयव्हीची नीट माहिती देशातल्या सुमारे 31 टक्के पुरुषांना, तर जेमतेम 22 टक्के स्त्रियांना होती. पावरी-भिली बोलणाऱ्या बाईला प्रमाण मराठीतलं पोस्टर किती कळणार? ऊसतोडीला तर जोडपी सोबत जातात, असाही आक्षेप येतो. जातात, पण आगाऊ घेतलेली उचल फिटेपर्यंत टोळी मुकादमाच्या हाती असते. कारखान्याच्या तळावर गावची आशाताई नसते, गरोदरपणाची तपासणी राहून जाते.

बाकीचे गैरसमजही सोडायला हवेत. डास चावल्याने, एका ताटात जेवल्याने एचआयव्ही होत नाही. बाधित आईचं मूल बाधितच जन्मतं, हेही चूक: उपचाराविना धोका 15 ते 45 टक्के, उपचार घेतल्यास 5 टक्क्यांच्या आत. सरकारी केंद्रांत तपासणी आणि औषधं मोफत आहेत. संमतीशिवाय तपासणी करायला आणि अहवाल फोडायला 2017 च्या एचआयव्हीविषयक कायद्याने मनाई आहे. माहितीसाठी 1097 हा मोफत क्रमांक आहे. बायकोची तपासणी असेल त्या दिवशी नवऱ्यानेही रक्त द्यावं.