ढिगाऱ्यावर रोप लावण्याआधी माती मोजा

चंद्रपूर, वणी, उमरेड या भागात कोळशाच्या उघड्या खाणी आहेत. कोळशापर्यंत पोहोचण्यासाठी वरची माती, मुरूम, दगड काढून बाजूला टाकतात. त्याचे डोंगर म्हणजेच आपण ज्याला ‘ओबी’ म्हणतो ते ढिगारे. पावसाळ्यात तिथे झाडं लावण्याचं काम निघतं आणि बचत गटातल्या बायांना मजुरी मिळते. रोपं मोजून पैसेही मिळतात. पण रोप जगतं ते मोजणीवर नाही, मातीवर. आज आम्ही त्याबद्दलच बोलणार आहोत.

सगळे ढिगारे सारखे नसतात. एक असतो मुरूम-दगडाचा. त्यात कस नसतो, ओल टिकत नाही. तरी मोठा खड्डा करून त्यात चांगली माती आणि शेणखत भरलं, तर झाड तग धरतं. नागपूरच्या नीरी संस्थेनं साखर कारखान्यातलं प्रेसमड आणि मुळांना मदत करणारे जिवाणू वापरून खाणीच्या ढिगांवर झाडं वाढवून दाखवली आहेत.

दुसरा ढीग काळा. त्यात कोळशाचा चुरा, काळा ठिसूळ दगड, कोळसा धुतल्यावर उरलेला टाकाऊ माल असतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तो तव्यासारखा तापतो. हवा लागली की आतून धुमसू शकतो. त्यात गंधकाचं खनिज असेल, तर हवा आणि पाणी लागून आम्ल तयार होतं आणि मुळं जळतात. अशा ढिगावर नुसता खड्डा पुरत नाही. पहिलं वर्ष रोप हिरवं दिसतं, कारण मुळं खड्ड्यातल्या मातीत असतात. मुळं खड्ड्याबाहेर गेली की झाड वाळायला लागतं. म्हणून काळ्या ढिगाला सगळीकडून मातीचं पांघरूण लागतं.

हे पांघरूण किती जाड हवं? अमेरिकेत १९७७ च्या खाण कायद्याखालचे नियम सांगतात, की कोळशाच्या टाकाऊ मालावर किमान ४ फूट थर हवा. तोही जवळ मिळेल त्यातल्या सगळ्यात चांगल्या, विषारी नसलेल्या आणि न जळणाऱ्या मातीचा. थर कमी ठेवायचा असेल, तर तपासण्या करून परवानगी घ्यावी लागते. एवढ्या जाडीत मुळांना जागा मिळते, पावसाची ओल टिकते आणि खालचे क्षार वर यायला अडथळा होतो.

आता आपल्या ब्रासच्या भाषेत हिशेब करू. एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. एक फूट थराला साधारण ४३५ ब्रास माती लागते, चार फुटांना १,७४० ब्रास. एवढी माती ऐन वेळी आणायची कुठून? कुणाच्या तरी शेतातून, नाहीतर तळ्याकाठून. म्हणून खाण सुरू होतानाच वरची सुपीक माती वेगळी काढून ठेवायची असते. ढीग बुटका ठेवायचा आणि त्यावर ताग किंवा धैंचा पेरायचा. उंच ढिगात वर्षानुवर्षं दाबून ठेवलेल्या मातीतला जीव कमी होत जातो.

माती पसरली म्हणजे काम संपलं असं नाही. आधी ढिगाचा उतार कमी करावा लागतो. आपल्याकडे खाणींना पर्यावरण मंजुरी देताना ढिगाचा एकूण उतार २८ अंशांपेक्षा जास्त नको, भोवती नाल्या आणि गाळ अडवणारी तळी हवीत, अशा अटी घातल्या जातात. नुसती काळी कापसाची माती उतारावर टाकली, तर ती उन्हात भेगाळते आणि पावसात घसरते. तिच्यात मुरूम मिसळलेला बरा. मग पहिल्या पावसाबरोबर गवत लावायचं: मारवेल, स्टायलो, उतारावर वाळा. गवतानं माती धरली की करंज, खैर, शिसम, बांबू. गवत नसेल, तर एका मोठ्या पावसात माती नाल्यात जाते, आणि तिच्यामागून काळा गाळ आपल्या शेतात येतो.

तेव्हा मैत्रिणींनो, काम घेताना गटानं तीन प्रश्न विचारावेत. ढीग मुरमाचा आहे की काळा? मातीचा थर किती आहे? गवत कधी लावणार? थर सांगितला, तर मुकादमासमोर टिकास मारून टेपनं मोजावा. मात्र ढिगाच्या कडेला किंवा जिथे ट्रक माल टाकतात तिथे जाऊ नये. पर्यावरण मंजुरीची प्रत ग्रामपंचायतीला पाठवायची असते. ती ग्रामसभेत मागावी आणि मातीबद्दलची अट सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचून घ्यावी.

लावण्याची मजुरी आपल्याला एकदाच मिळते. ढिगारा मात्र गावाजवळ कायमचा राहणार आहे. म्हणून मातीचा हिशेब आपणही ठेवायला हवा.