केत्सालच्या घरट्याला दोन दारं नसतात

ग्वाटेमालाच्या झेंड्यावर केत्साल आहे आणि तिथल्या चलनाचं नावही केत्सालच. एवढ्या मानाच्या पक्ष्याभोवती कथा जमणारच. त्यातली सर्वांत लाडकी कथा घरट्याची: नराची लांबलचक पिसं मोडू नयेत म्हणून म्हणे घरट्याला दोन दारं असतात, एक शिरायला आणि एक निघायला. खरं तर दार एकच असतं. कुजून मऊ पडलेल्या उभ्या खोडात नर-मादी चोचीने ढोली कोरतात आणि अंडी आळीपाळीने उबवतात. नर आत तोंड दाराकडे करून बसला, की ती पिसं पाठीवरून वाकून दाराबाहेर लोंबत राहतात. लांबून पाहिलं तर खोडावर नेचा उगवल्यासारखं वाटतं. (आपल्या सह्याद्रीतला कर्णा याच कुळातला. तोही अशाच कुजक्या खोडात घर करतो.)

ही पिसं म्हणजे शेपूटही नव्हे. खरी शेपूट त्यांच्याखाली झाकलेली असते. विणीचा हंगाम संपला की ती गळतात आणि पुन्हा येतात. त्यांच्या हिरव्या रंगामागे हिरवं रंगद्रव्य नाही. पिसातल्या अतिसूक्ष्म रचनेमुळे उजेड तसा परततो, म्हणून पक्षी जरा वळला की हिरव्याचा निळा किंवा सोनेरी होतो.

पिंजऱ्यात तो जगतच नाही, ही समजूतही पूर्ण खरी नाही. मेक्सिकोतल्या चियापासच्या प्राणिसंग्रहालयात त्याची पिल्लंही झाली आहेत.

मला सर्वांत घातक वाटतो तो वेगळाच समज: हा धुक्यातल्या शिखरांचा पक्षी, तेव्हा शिखरं राखली की काम झालं. कोस्टा रिकातल्या मोन्तेवेर्दे इथे केत्सालांना रेडिओ ट्रान्समीटर बसवून त्यांचा माग काढला गेला. विणीनंतर ते आधी पॅसिफिककडच्या उतारावर उतरतात आणि पुढे डोंगरधार ओलांडून कॅरिबियनच्या बाजूला जातात. ही सगळी भटकंती रानटी अवोकाडोंच्या मागे असते. उडता उडता फळ तोडायचं, फांदीवर बसून अख्खं गिळायचं आणि थोड्या वेळाने बी ओकून टाकायची, असं त्याचं जेवण. त्यातूनच त्या झाडांच्या बिया रानभर पसरतात. पण खालच्या उतारांवर मोठ्या प्रमाणात गुरांची कुरणं झाली आहेत. पिकलेली फळं शोधत केत्साल वरून उतरतो, तेव्हा त्याच्या वाट्याला रानाचे सुटेसुटे तुकडेच येतात.