थंडी, मळभ आणि गारा : नाशिकच्या कार्तिकातील एक आठवडा

रविवार, २६ नोव्हेंबर २०२३. दिवाळी होऊन दोन आठवडे उलटले होते, तुळशीची लग्ने सुरू होती आणि कार्तिकी पौर्णिमा तोंडावर आली होती. नाशिककरांना थंडीची चाहूल लागली होती. अशा वेळी दुपारनंतर आभाळ भरून आले, विजा कडाडल्या आणि वादळी वाऱ्यासह कोसळलेल्या पावसाने जिल्ह्याचा मोठा भाग झोडपून काढला. निफाड, दिंडोरी, चांदवड या तालुक्यांत पावसाबरोबर गाराही पडल्या. काही ठिकाणी द्राक्षबागांखालची जमीन गारांनी पांढरी झाली. त्याच दिवशी शेजारच्या गुजरातमध्ये वीज पडून वीसहून अधिक जणांचा बळी गेला.

या पावसाला सर्वांनीच 'अवकाळी' म्हटले. पंचांगाच्या आणि पीकवेळापत्रकाच्या दृष्टीने ते बरोबरही होते. तो अनपेक्षित मात्र नव्हता. हवामान विभागाने त्याचा इशारा आधीच दिला होता, आणि नाशिकचा गेल्या काही वर्षांचा अनुभव पाहिला तर नोव्हेंबरचा मध्य ते डिसेंबरचा पहिला आठवडा हा काळ वारंवार दगा देत आला आहे. ११ नोव्हेंबर २००९ रोजी 'फयान' चक्रीवादळ कोकण किनाऱ्यावर आदळले, तेव्हा नाशिकच्या द्राक्षबागांना पावसाने गाठले. २०१७ च्या डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात अरबी समुद्रातून गुजरातकडे सरकत विरलेल्या 'ओखी'ने तेच केले. २०२१ मध्ये डिसेंबर उजाडला तोच पाऊस घेऊन. कारणे निरनिराळी असली तरी या घटना साधारण चार आठवड्यांच्या पट्ट्यातील आहेत. हा पट्टा एवढा अस्थिर का आणि त्याची झळ नाशिकलाच एवढी का बसते, हे समजून घेण्यासारखे आहे.

दोन वाऱ्यांच्या मधोमध

नाशिक शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर, सह्याद्रीच्या पूर्वेकडील उतारावर वसले आहे. पश्चिमेला त्र्यंबकेश्वर, अंजनेरी आणि ब्रह्मगिरीचे डोंगर, दक्षिणेला कळसूबाईची रांग, तर उत्तरेला सप्तशृंगीपासून चांदवडकडे जाणारी सातमाळा रांग अशी त्याची चौकट आहे. या डोंगरांमुळे थोड्या अंतरात हवामान पार बदलते. इगतपुरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस होतो. तेथून पन्नास किलोमीटरच्या आत असलेल्या नाशिक शहरात तो सातशे मिलिमीटरच्या आसपास येतो आणि येवला, नांदगावकडे आणखी घटतो. पावसाळ्यातील ही विषमता सर्वांच्या परिचयाची आहे. पावसाळ्यानंतरची अस्थिरता तितकीशी लक्षात घेतली जात नाही.

ऑक्टोबरमध्ये नैर्ऋत्य मोसमी वारे महाराष्ट्रातून माघार घेतात. आकाश निरभ्र होते, ऑक्टोबर हीट जाणवते आणि मग हळूहळू उत्तरेकडून कोरडे, थंड वारे वाहू लागतात. रात्री ढग नसल्याने दिवसभर तापलेली जमीन आपली उष्णता झपाट्याने आकाशात सोडून देते. पहाटे पारा उतरतो, दव पडते. हीच नाशिकची गुलाबी थंडी. शरणपूर रोडवरील तिबेटियन मार्केटमध्ये गर्दी वाढते आणि गोल्फ क्लब मैदानावर सकाळी फिरणाऱ्यांच्या कानांवर टोप्या दिसू लागतात.

मात्र नोव्हेंबरमध्ये उत्तरेच्या वाऱ्यांची हुकमत अजून पक्की झालेली नसते. बंगालचा उपसागर आणि अरबी समुद्र हे दोन्ही याच काळात चक्रीवादळांना अनुकूल असतात. समुद्राच्या पाण्यात उष्णता साठलेली असते आणि कमी दाबाची क्षेत्रे तयार होण्यास ती पुरेशी ठरते. असे एखादे क्षेत्र तयार झाले की वाऱ्यांची दिशा बदलते. उत्तरेऐवजी पूर्वेकडून किंवा दक्षिणेकडून बाष्प येऊ लागते. आकाशावर मळभ दाटते आणि ढगांची ही दुलई जमिनीची उष्णता अडवून धरते. काल पहाटे स्वेटर शोधणाऱ्या शहराला आज रात्री पंखा लावावा लागतो, तो यामुळे.

यासाठी वादळ जवळ यावे लागते असेही नाही. २०२४ च्या नोव्हेंबरअखेरीस नाशिक जिल्ह्यात थंडीचा कडाका वाढला होता. ३० नोव्हेंबरला 'फेंगल' चक्रीवादळ पुदुच्चेरीजवळ किनाऱ्यावर आले. नाशिकपासून ते ठिकाण जवळपास हजार किलोमीटर दूर. तरीही डिसेंबरच्या प्रारंभी नाशिकची थंडी पळाली आणि ढगाळ हवामानाने मुक्काम ठोकला.

गारा कशा पडल्या?

२०२३ च्या त्या रविवारी नाशिकवर कोणतेही चक्रीवादळ नव्हते. तेथे दोन निराळ्या प्रणालींची गाठ पडली होती. भूमध्य समुद्राच्या परिसरातून निघून इराण, अफगाणिस्तानमार्गे उत्तर भारतात येणारे पश्चिमी झंझावात हिमालयात हिमवृष्टी घडवतात. एरवी त्यांचा महाराष्ट्राशी संबंध येतो तो ते पुढे सरकल्यानंतर मागे येणाऱ्या थंड वाऱ्यांपुरता. त्या वेळी मात्र असा झंझावात नेहमीपेक्षा बराच दक्षिणेपर्यंत प्रभाव टाकत होता. त्याने वातावरणाच्या वरच्या थरात थंड हवा आणली. खालच्या थरात पूर्वेकडून आणि अरबी समुद्राकडून बाष्पयुक्त वारे येत होते.

वर थंड आणि खाली उबदार, दमट अशी हवेची मांडणी झाली की ती फार काळ टिकत नाही. खालची हलकी हवा वेगाने वर झेपावते आणि काही तासांत उंचच उंच ढग उभे राहतात. या ढगांतील पाण्याचे थेंब वर फेकले जाऊन गोठतात, त्यांच्यावर बर्फाची पुटे चढतात आणि वजन पेलवेनासे झाले की ते खाली येतात. पावसाळ्यातही ढगांत बर्फ असतो, परंतु तेव्हा गोठणबिंदूची पातळी बरीच उंच असल्याने जमिनीपर्यंत येताना तो बहुधा वितळतो. वरची हवा थंड असताना हे अंतर कमी होते आणि गारा शाबूत राहतात.

असे ढग ठिकठिकाणी स्वतंत्रपणे वाढतात. त्यामुळे एका शिवारात बाग उद्ध्वस्त होते आणि दोन-तीन किलोमीटरवरच्या गावात नुसता शिडकावा होतो. हवामान विभाग जिल्ह्याला इशारा देऊ शकतो, पण गार नेमकी कोणाच्या बांधावर पडेल, हे काही दिवस आधी सांगता येत नाही.

छाटणीच्या तारखेचा हिशेब

शहरात अशा पावसाने फार तर रस्ते ओले होतात, सर्दी-खोकल्याचे रुग्ण वाढतात. जिल्ह्याच्या द्राक्षपट्ट्यात मात्र हिशेब निराळा असतो. तेथे शेतकरी दिवस मोजतो ते छाटणीपासून.

द्राक्षवेलीची वर्षातून दोनदा छाटणी होते. एप्रिलमधील खरड छाटणी काडी तयार करण्यासाठी, तर ऑक्टोबर छाटणी फळासाठी. ऑक्टोबर छाटणीनंतर साधारण पाच-सहा आठवड्यांनी वेल फुलोऱ्यात येते, त्यानंतर मणी धरतात, फुगतात, त्यांत पाणी उतरते आणि चार महिन्यांच्या आसपास माल काढणीला येतो. आता २६ नोव्हेंबर ही तारीख या वेळापत्रकावर ठेवून पाहावी. १ ऑक्टोबरला छाटलेल्या बागेचा तो ५६ वा दिवस होता. मणी नुकतेच धरलेले, कोवळे. २० ऑक्टोबरला छाटलेल्या बागेचा तो ३७ वा दिवस, म्हणजे ऐन फुलोऱ्याचा उंबरठा. बागलाण परिसरात हंगामापूर्वी चांगला भाव मिळवण्यासाठी आगाप छाटणी करतात. अशा बागांत तर तयार घड वेलीवर लटकलेले असतात.

एकाच पावसाचे या तिघांवरील परिणाम तीन प्रकारचे. फुलोऱ्यात पाणी साचले की घडांची गळ आणि कूज होते. मणी धरलेल्या बागेत पाने तासन्‌तास ओली राहिल्याने डाऊनी मिल्ड्यू, म्हणजेच केवडा रोग फैलावतो. साखर भरलेले तयार मणी पाणी शोषून तडकतात आणि तडकलेला मणी संपूर्ण घड नासवतो. गार पडली तर प्रश्नच मिटतो. घड फुटतात, पाने फाटतात आणि पुढील वर्षीच्या फळासाठी जपलेल्या काडीलाही जखमा होतात.

फवारणी हा उपाय आहे, पण त्याला मर्यादा आहेत. पाऊस आधीची औषधे धुऊन नेतो आणि नंतर बागेत चिखल असल्याने ट्रॅक्टर आत शिरत नाही. रोग मात्र वाट पाहत नाही. शिवाय युरोपीय बाजारपेठेत रासायनिक अंशांच्या कडक मर्यादा पाळाव्या लागतात. निर्यातीचा माल घेणाऱ्याला हवे ते औषध हवे तेव्हा मारण्याची मोकळीक नसते.

कांद्यालाही फटका

याच दिवसांत कांद्याचे पीकही नाजूक वळणावर असते. खरिपाचा लाल कांदा काढणीला आलेला, काही ठिकाणी काढून शेतात पसरलेला, तर लेट खरिपाचा रांगडा कांदा वाढीच्या अवस्थेत असतो. उन्हाळ कांद्यासाठी रोपवाटिका टाकलेल्या असतात. पावसाने काढलेला कांदा भिजतो, उभ्या पातीवर करपा येतो आणि रोपे मुळाशी सडतात. रोपे गेली म्हणजे नुकसान आजचे राहत नाही. एप्रिलमध्ये लासलगावच्या बाजारात येणाऱ्या कांद्याची लागवडच लांबते. २०२३ मध्ये या नुकसानीचे पंचनामे सुरू असतानाच, ८ डिसेंबरपासून केंद्राने कांदा निर्यातबंदी लागू केली. आभाळ आणि बाजार दोन्ही एका पंधरवड्यात फिरले.

थंडीचेही दोन चेहरे

ढग सरले की थंडी परतते आणि बहुधा जोमाने परतते. निफाडचा पारा शहरापेक्षाही खाली जातो, हे नाशिककरांना ठाऊक आहे. कुंदेवाडी येथील गहू संशोधन केंद्रातील नोंद हा दरवर्षी हिवाळ्यात बातमीचा विषय असतो. गोदावरी आणि कादवेच्या खोऱ्यातील हा भाग सखल, मोकळा आणि सपाट आहे. जड, थंड हवा रात्री अशा सखल भागात साठते. शहरातील सिमेंट-डांबर साठवून ठेवते तशी ऊब तेथे नसते. २०१८ च्या डिसेंबरअखेरीस तेथे पारा दोन अंशांखाली गेला होता आणि दवबिंदू गोठले होते.

गहू आणि हरभऱ्याला ही थंडी मानवते. द्राक्षाला मात्र ती बेताचीच हवी. कडाका वाढला की मण्यांची फुगवण थांबते. पाणी उतरण्याच्या सुमारास दिवसा कडक ऊन आणि पहाटे बोचरी थंडी अशी तफावत राहिली तर हिरव्या द्राक्षांवर गुलाबी छटा येते. 'पिंक बेरी' म्हणून ओळखला जाणारा हा दोष निर्यातीत नाकारला जातो. त्यासाठी शेतकरी घडांना कागद गुंडाळतात. हा कागद बहुतेक वेळा जुन्या वर्तमानपत्रांचाच असतो. पहाटे बागेत शेकोट्या पेटवून धूर करणे, ठिबकने पाणी सोडून जमिनीतील ऊब टिकवणे, हे उपायही केले जातात.

इशारा मिळाला, पुढे काय?

उपग्रह, रडार आणि संगणकीय प्रारूपांमुळे आज तीन-चार दिवस आधी इशारा मिळतो आणि तो मोबाइलवर पोहोचतो. 'फयान'च्या वेळी, २००९ मध्ये, सामान्य शेतकऱ्याच्या हाती ही सोय नव्हती. या इशाऱ्यामुळे काढलेला कांदा झाकता येतो, तयार द्राक्षे घाईने तोडता येतात, प्रतिबंधक फवारणी उरकता येते. पण फुलोऱ्यातील बाग झाकता येत नाही. बागेवर प्लॅस्टिकचे आच्छादन घालण्याचे प्रयोग जिल्ह्यात झाले असून ते उपयुक्तही ठरले आहेत. त्यांचा खर्च मात्र सामान्य बागायतदाराच्या आवाक्याबाहेरचा आहे.

भरपाईचे गणितही बोलके आहे. २०२३ च्या अवकाळीनंतर राज्य सरकारने बहुवार्षिक पिकांसाठी हेक्टरी ३६ हजार रुपये, तीन हेक्टरांच्या मर्यादेत, अशी वाढीव मदत जाहीर केली. द्राक्षबागेचा एका हंगामाचा खर्च एकरीच काही लाखांच्या घरात जातो आणि एक हेक्टर म्हणजे अडीच एकर. फळपीक विम्यातील भरपाई हवामान केंद्रावरील नोंदींशी जोडलेली आहे. पाऊस मात्र शिवार बदलले की बदलतो. केंद्र एका गावात आणि ढगफुटीसारखा पाऊस दुसऱ्या गावात, असे झाले की नुकसान आणि नोंद यांचा मेळ बसत नाही.

म्हणूनच अनेक बागायतदार आपली सगळी बाग एकाच तारखेला छाटत नाहीत. काही एकर आधी, काही नंतर, अशी विभागणी केली म्हणजे एक तुकडा फुलोऱ्यात सापडला तरी दुसरा त्यातून सुटतो. उत्पन्न वाढवण्याची ही युक्ती नव्हे, सगळेच एका दिवसात जाऊ नये एवढीच त्यामागची धडपड आहे. सप्टेंबरअखेरीस कात्री हाती घेताना नोव्हेंबरअखेरच्या आभाळाचा अंदाज बांधावा लागतो. हवामानशास्त्राला आज दोन महिने आधी असा नेमका दिवस सांगता येत नाही.

फेब्रुवारी-मार्चमध्ये शहरातील हातगाड्यांवर द्राक्षांचे ढीग लागतात. कोणत्या वर्षी ते स्वस्त असतात, कोणत्या वर्षी महाग. त्या भावाचा मोठा भाग कार्तिकातील अशाच एखाद्या आठवड्यात ठरून गेलेला असतो.